वाचून दाखवले, समजले, बरोबर आहे

संपादकांचा फोन आला तेव्हा मी गुलमंडीजवळच्या छापखान्यात उभी होते, हातात ताज्या छापलेल्या पत्रकांचा गठ्ठा. म्हणाले, "तुमच्या कामाचे अनुभव लिहून द्या, दिवाळीच्या अंकासाठी." मी हो म्हटलं. मग त्यांनी सहज वय विचारलं. एकोणतीस, असं सांगितल्यावर ते म्हणाले, "अहो, हे सदर निवृत्त मंडळींचं असतं. तुम्ही फारच लहान आहात."

झालं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "साहेब, वय बघून माणसाला गप्प बसवू नका, एवढंच तर मी सात वर्षं छापत आलेय." ते हसले, लेख माझ्या नावावर टाकला आणि फोन ठेवला. वाक्य मी मोठ्या तोऱ्यात बोलले खरी, पण बोलताना जीभ अडखळली. ती का अडखळली, तेच सांगायचंय. बाकी सात वर्षांत मी काय काय केलं याची जंत्री इथं देणार नाही.

माझं काम ज्येष्ठ नागरिकांसाठी पत्रकं लिहिणं आणि अर्ज करून देणं. पत्रकाचं शास्त्र सोपं आहे. वाक्य बारा शब्दांच्या आत. पहिल्या ओळीत धक्का, शेवटच्या ओळीत मागणी. मध्ये एक फोटो आणि फोटोत सुरकुत्या. सुरकुत्या नसतील तर लोक पत्रक घडी न उघडता खिशात घालतात आणि त्यावर भेळ खातात.

आमचं पहिलं पत्रक होतं म्हाताऱ्यांच्या हक्कांवर. मजकूर एवढा कोंबला होता की अक्षरं बारीक करावी लागली. सकाळी बागेत फिरायला येणाऱ्यांना वाटलं. तीस-चाळीस माणसं एकाच वेळी कागद हातभर लांब धरून उन्हाकडं वळली, हे दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. एक आजोबा म्हणाले, "बाळ, काय लिहिलंय ते तूच सांग, मी ऐकतो." आणि आमच्या ऑफिसातल्या चाचांनी कागद नाकाजवळ नेऊन विचारलं, "बेटा, कागद पे ये चींटियाँ कायकू छोड़े तुम लोगां?"

चाचा म्हणजे अर्जनवीस. कचेरीबाहेर लिंबाच्या झाडाखाली टाइपरायटर मांडून चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे अर्ज लिहिले. मराठी, उर्दू, दोन्हीत हात साफ. कॉम्प्युटर आले तसं गिऱ्हाईक आटलं, मग ते आमच्याकडं येऊन बसू लागले, फुकट. वय चौऱ्याहत्तर. रोज अकराला डबा घेऊन हजर. अशा माणसाला आम्ही काय काम द्यावं? पत्रकांना पिना मारायचं. मोठ्या आदरानं दिलं. "चाचा, तुम्ही आरामात बसा, एवढ्या पिना मारा फक्त." म्हाताऱ्यांच्या हक्कासाठी झगडणाऱ्या संस्थेत चाळीस वर्षांचा अर्जनवीस पिना मारत होता आणि आम्हा एकालाही त्यात काही वावगं दिसत नव्हतं. सांगून ठेवते, पुढं उपयोगी पडेल.

सुरुवातीला आमचं एक प्रशिक्षण झालं होतं. समाजशास्त्राच्या एका मॅडमनी दोन विचार समजावले. पहिला असा, की माणूस म्हातारा झाला की आपणहून हळूहळू समाजातून अंग काढून घेतो आणि समाजही त्याला मोकळा करतो, दोघांची सोय होते. दुसरा विचार म्हणतो, छे, तो अंग काढून घेत नाही, त्याला बाजूला सारतात. पूर्वी पाऊस, पेरणी, जनावरं यांतलं शहाणपण म्हाताऱ्यांपाशी होतं, म्हणून त्यांना विचारलं जायचं. आता नोकरी कंपनीत, शहाणपण मोबाईलमध्ये. मग म्हाताऱ्याचं काम काढून घेतात आणि वर त्यालाच 'आराम' असं गोड नाव देतात. मला दुसरा विचार एवढा पटला की मी तिथंच त्याची घोषणा केली: 'आम्ही थकलो नाही, आम्हाला बसवलं!' भगव्या कापडावर रंगवून घेतली आणि माझ्या टेबलामागच्या भिंतीवर ठोकली.

ती तिथंच होती. भागूबाई आली त्या दिवशीही तिथंच होती.

त्याआधी आमच्या नमुन्याबद्दल सांगते. वृद्ध आईबापांना सांभाळण्याचा कायदा आहे. मुलं सांभाळत नसतील तर न्यायाधिकरणापुढं अर्ज करता येतो. लोक यायचे, रडायचे, तास तास बोलायचे, बाहेर रांग वाढायची. म्हणून मी एका पानाचा छापील नमुना केला. वर नाव, गाव, वय. खाली चौकोन: मारहाण, उपासमार, घराबाहेर काढणं, औषधपाणी न देणं, कष्टाची कामं करायला लावणं. लागू असेल तिथं खूण करायची. प्रत्येक खुणेमागं एक तयार परिच्छेद होता, तो अर्जात जाऊन बसायचा. दहा मिनिटांत अर्ज तयार. मला त्याचा फार अभिमान. तळाला चाचांच्या हट्टानं एक ओळ घातलेली: 'वरील मजकूर मला वाचून दाखवला, समजला, बरोबर आहे.' आणि त्यापुढं अंगठ्याची जागा. चाचांच्या धंद्याचा तो रिवाज. ज्याला वाचता येत नाही त्याचा अर्ज लिहिला तर त्याला तो अख्खा वाचून दाखवायचा, मगच अंगठा. ओळ मी छापली. वाचायला मात्र वेळ कुणाला होता?

चौकोनात न बसणारी माणसंही यायची. एक निवृत्त मुख्याध्यापक दर महिन्याला येऊन एकच तक्रार करायचे. "दवाखान्यात डॉक्टर माझ्याकडं बघून माझ्या मुलीला विचारतात, 'हे जेवतात का?' मला तोंड नाही काय?" मी हसून म्हणायचे, "सर, याला कायद्यात कलम नाही." ते म्हणाले, "मग पत्रक काढा." मी म्हटलं, "सर, यानं लोकांना धक्का बसणार नाही."

मला कशाचा धक्का बसायचा बाकी होता, ते तेव्हा कळलं नव्हतं.

सोमवार होता. बाहेर दहा-बारा जण ताटकळलेले. भागूबाई आत आली ती चपला दाराबाहेर काढून, हातातली काठी भिंतीला टेकवून. पडेगावची. जात मेंढपाळाची, मेंढरं सासऱ्याच्या काळातच गेली, शेळ्या राहिल्या. सत्तरीची असावी. दौलताबाद रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर कुणी आमचं पत्रक तिला वाचून दाखवलं होतं.

"इथं म्हाताऱ्यांचं ऐकून घेत्यात म्हणं?"

"हो आजी, बसा. काय झालं?"

"पोरगा मला बसवतो म्हणतोय."

"कुठं बसवतो?"

"घरात. खुर्ची आणून ठिवलीया. तांबडी."

मला वाटलं, आजी भरकटतायत. वेळ वाचवायचा म्हणून मी नमुना पुढं ओढला. "मारतो का?"

"कोण, दादाराव? त्याची काय टाप हाय!"

"जेवायला देतात?"

"सून देती. पर मी नाय जात घरी जेवाया. शेळ्या टाकून कशी जाऊ?"

घरी जेवत नाही. उपासमार, खूण.

"झोपता कुठं?"

"शेळ्यांपाशी. आता दोन व्यायच्या हायेत, त्यातली एक पहिलारू, पहिल्यांदाच व्यायची, ती करडाला जवळ घेती का न्हाय—"

घराबाहेर, खूण.

"आणि काम? काम करायला लागतं?"

"शेळ्या हायेत म्हणल्यावर काम तर आलंच की पोरी. लई काम. आता माझं काय म्हणणं हाय, तू त्याला नीट सांग की—"

"सगळं सांगते आजी. तुम्ही काहीच काळजी करू नका. इथं अंगठा द्या."

तिनं अंगठा शाईत बुडवला, कागदावर धरला आणि टेकवायच्या आधी विचारलं, "काय लिव्हलंस?"

"तुमच्या बाजूचंच लिहिलंय."

टेकवला तिनं. विश्वासानं टेकवला. मागं भिंतीवर माझी घोषणा होती. तीच गोष्ट ती बाई मला तोंडानं सांगत होती, शब्दसुद्धा तोच, बसवलं. मी ऐकली नाही. कारण तिच्या तक्रारीला माझ्या नमुन्यात चौकोनच नव्हता.

बरं, मी खात्री न करता कुणाला कचेरीत खेचत नाही, असा माझा लौकिक. म्हणून चार दिवसांनी सकाळी सहाला पडेगावला गेले. रो-हाउसच्या रांगेमागं एक मोकळा तुकडा, तिथं पत्र्याचं खोपट. आत भागूबाई गोणपाटावर कलंडलेली. पदरात ओलं करडू गुंडाळलेलं. फडक्यावर अर्धी भाकरी. चारी बाजूंनी शेळ्या. या शहरात, या युगात, एका आईला जनावरांत झोपायला लागतं? मी मोबाईल काढला.

"फोटू नको काढू गं, केस इस्कटलेत."

मी मनात म्हटलं, इस्कटलेलेच पाहिजेत.

गोणपाटाजवळ स्टीलचं ताट होतं, त्यावर दुसरं ताट झाकलेलं. मी दोन पावलं डावीकडं सरकले आणि ताट चौकटीबाहेर गेलं. हे मी मुद्दाम केलं की सवयीनं, असा विचार नंतर पुष्कळदा केला. सवयीनं केलं. म्हणजे जास्तच वाईट. पन्नास पावलांवर मुलाचं स्लॅबचं घर, पुढं लोखंडी जाळीची ओसरी, ओसरीत लाल प्लास्टिकची खुर्ची, अजून पिशवीसकट. तीही मी पाहिली. पाहिली आणि निघाले.

तीन दिवसांत पत्रक आलं. वर फोटो, खाली: 'लेकाला स्लॅब, आईला खोपट!' क्रांती चौकात वाटलं, मोबाईलवर फिरवलं. आमच्या कुठल्याच पत्रकाला एवढा प्रतिसाद मिळाला नव्हता. लोक खवळले. मी खूश.

सुनावणीला दादाराव कंपनीच्या गणवेशात आला होता, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा, गरीब चेहऱ्याचा माणूस. हातात आमचं पत्रक, घडी घालून घालून मऊ झालेलं. मी भागूबाईच्या शेजारी बसले. न्यायाधिकरणाच्या साहेबांनी अर्ज मोठ्यानं वाचायला घेतला. 'अर्जदारास पोटभर अन्न दिले जात नाही. अर्जदारास राहत्या घरातून काढून जनावरांच्या खोपटात ठेवले आहे. वृद्धापकाळातही अर्जदाराकडून शेळ्या राखण्याचे कष्टाचे काम करून घेतले जाते.' माझे परिच्छेद. मला अजूनही पाठ आहेत.

दादारावचा चेहरा उतरत गेला. तो आईकडं बघत होता. आणि भागूबाई उठून उभी राहिली.

"ओ सायेब, हे कोनी लिव्हलं?"

मी तिचं मनगट धरलं. खाली ओढलं. आणि माझ्या तोंडून वाक्य गेलं, "आजी, तुम्ही शांत बसा. मी बोलते ना."

ती बसली.

मी पाच मिनिटं बोलले. चांगलं बोलले, सगळे गप्प झाले. मधे एकदा भागूबाईनं माझी बाही ओढली, मी तिचा हात थोपटला. शेवटी दादाराव म्हणाला, "सायेब, कंपनीत लोकं माझ्याकडं कसं बघत्यात तुम्हाला काय सांगू. काय लिहून द्यायचं ते सांगा. मी सही करतो." त्यानं लिहून दिलं: आईला घरात ठेवीन, वेळेवर जेवण, औषधपाणी देईन, काम करू देणार नाही. साहेब म्हणाले, ठीक. पण मला तेवढ्यानं समाधान नव्हतं. म्हटलं, "शेळ्या राहिल्या तर उद्या परत तिलाच राखायला लावतील. शेळ्या काढून टाकतो, असं लिहा."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग लिहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ती मला तेव्हा लाज वाटली. आता वाटतं, सुटका होती. गेलं वर्षभर जे आईपुढं बोलायची त्याची छाती होत नव्हती, ते त्याच्याकडून मी लिहून घेतलं होतं.

ऑफिसात पेढे वाटले. संस्थेच्या वरच्यांचा निरोप आला, यशोगाथा छापा. 'खोपटातून घरात.' दुसरा फोटो हवा होता: आई घरात, आनंदी. दोन आठवड्यांनी मी पडेगावला गेले.

खोपट रिकामं होतं. जमिनीवर वाळलेल्या लेंड्या, दावणीला तुटकी दोरी, कोपऱ्यात बाभळीच्या शेंगा पाडायची लांब आकडी. आवाज म्हणून काही नाही. एक शेळी तेवढी खुंट्याला बांधलेली होती, कबरी, हाडकलेली, दात झिजलेले. ती माझ्याकडं बघून ओरडली नाही की हलली नाही.

भागूबाई ओसरीत होती. लाल खुर्चीत. इस्तरीचं लुगडं, तेल लावून विंचरलेले केस. दोन्ही हात मांडीवर पालथे, जणू कुणी आणून ठेवलेत. मला बघून म्हणाली, "आलीस? काढ आता फोटू. केस नीट हायेत."

मी खरंच मोबाईल वर केला होता. तो तसाच खाली आला.

"आजी, शेळ्या?"

"मला कशाला इचारती? तूच तर लिव्हून घेतलंस. बाजारात गेल्या. बावीस व्हत्या. ही कबरी कुनी घेतली न्हाय. वय झालं म्हणत्यात तिचं." आणि ती हसली. ते हसू मला सहन झालं नाही.

"पण तुम्ही आमच्याकडं आला होता ते..."

"शेळ्या वाचवाया आले व्हते. अजून कशाला येते मी? पोरगा म्हणं, माय, मी पर्मनंट झालो, आता तू शेळ्यांमागं हिंडलीस तर लोक मला हसत्यात, सोसायटीवाले वासानं भांडत्यात, बस घरी. मी म्हणलं, मी बसले की मेले. म्हणलं, शहरात हापिस हाय, तिथली पोरगी त्याला समजावंल. तू तर त्याच्याच हातात कागद दिलास."

आतून सून चहा घेऊन आली. सुनीता. कप माझ्यापुढं ठेवला, ठेवताना आवाज केला. "ताई, एक विचारू? आत्याबाई शेळ्या व्यायच्या असल्या की घरी येत नाहीत, म्हणून मी दोन्ही येळंला ताट नेऊन द्यायचे. झाकून. त्या दिवशी पण नेलं होतं. तुमच्या फोटोत ते ताट कसं नाही आलं?"

मी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"शेजारणी माझ्या हातचं हळदी-कुंकू घेत नाहीत आता," ती म्हणाली आणि आत गेली.

भागूबाई रस्त्याकडं बघत म्हणाली, "पहिलारूनं करडाला घेतलं व्हतं बघ शेवटी. तीन दिस लागले. घेतलं अन् बाजारात गेली."

मी चहा न पिता उठले. सात वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलांना ओरडत आले होते. 'म्हाताऱ्यांना विचारा! त्यांना माणूस समजा!' आणि एक बाई माझ्यासमोर उभी राहून बोलत असताना मी तिला मनगट धरून खाली बसवलं होतं. भर कचेरीत. तिच्या हक्कासाठी. दादारावनं तिला खुर्चीत बसवायचं म्हटलं होतं, बसवलं मी.

ऑफिसात चाचा पिना मारत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी पिनांचं यंत्र बाजूला ठेवलं.

"अर्ज पढ़ के सुनाई थी?"

"चाचा, बाहेर रांग होती. वेळ नव्हता."

"तो नीचे लिखी कायकू, सुनाया बोलके?"

"ते छापीलच आहे, चाचा."

"हौ. छापील है." त्यांनी पुढ्यातला पत्रकांचा गठ्ठा सरळ केला. "चालीस साल में मेरे हात से झूठे अर्जां भी लिखे गए बेटा, लोगां झूठ बोलते, मैं लिखता. मगर झूठ उनका रहता था. मेरा नहीं. पढ़ के सुनाता था ना मैं."

मग पुन्हा यंत्र हातात घेतलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "इतने साल से तुम्हारे पास बैठ रहा हूँ. अर्ज कैसा लिखना, मेरेको एक दिन पूछे क्या कोई?"

कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"अब?" मी विचारलं.

"अब क्या. जा के सुनाव. देर से सुनाव, मगर सुनाव."

रविवारी आम्ही दोघं रिक्षानं पडेगावला गेलो. दादाराव घरी होता. ओसरीत सतरंजी टाकली. मी भागूबाईला म्हटलं, "तुमच्या नावानं मी जे लिहिलं होतं ते वाचून दाखवते." ती खुर्चीतून उठली आणि खाली सतरंजीवर येऊन बसली.

मी वाचायला लागले. पहिल्या वाक्यालाच तिनं हात वर केला.

"अर्जदार कोन?"

"तुम्ही."

"मग भागूबाई म्हण."

म्हटलं. 'भागूबाईस पोटभर अन्न दिले जात नाही.'

"नाय," ती म्हणाली. "सुनीता, बाहेर ये. ऐक. नाय म्हणले मी."

सुनीता दारात येऊन उभी राहिली.

'भागूबाईस घरातून काढून खोपटात ठेवले आहे.'

"नाय. माझ्या पायानं जाते मी."

'भागूबाईकडून शेळ्या राखण्याचे कष्टाचे काम करून घेतले जाते.'

ती दादारावकडं वळली. "तू घेतोस करून?"

दादाराव मान खाली घालून म्हणाला, "नाय माय."

"मग मी करते. माझ्या शेळ्या, मी करते. ह्यात कुठं लिव्हलंय ते?"

"नाही लिहिलं," मी म्हटलं.

"लोक हसत्यात म्हणून म्हणलं व्हतं मी," दादाराव हळूच म्हणाला. "तुझे गुडघे पण..."

"गुडघे माझे. लोक तुझे. एकबी शेळी चारायला आली व्हती का तुझी लोकं?"

चाचा खुदकन हसले. दादारावलाही हसू आलं, मग त्याचे डोळे भरले, मग तो उठून पाणी प्यायला आत गेला.

कागद संपत आला. शेवटची ओळ राहिली होती. ती वाचल्याशिवाय सुटका नव्हती. "वरील मजकूर मला वाचून दाखवला, समजला, बरोबर आहे."

भागूबाईनं बोटं मोजली. "वाचून दावला? व्हय, आज दावला. समजला? व्हय, समजला. बरोबर हाय?" ती थांबली. "नाय. ह्यातलं काय बरोबर न्हाय."

"यही लिखो," चाचा म्हणाले. "जैसा बोले वैसाच लिखो."

मी त्याच कागदाखाली तेवढंच लिहिलं आणि तिनं अंगठा दिला. तो कागद मी स्वतः न्यायाधिकरणात नेऊन दिला, सोबत माझा जबाब: अर्ज मी लिहिला, वाचून दाखवला नाही, खोटी ओळ माझी. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि नोंद घेतली. वरच्यांनी मला फोनवर अर्धा तास झापलं. यशोगाथा छापली नाही. 'लेकाला स्लॅब' पत्रकाबद्दल मात्र नवीन पत्रक काढलं, चूक झाली म्हणून, आणि दादारावच्या कंपनीच्या गेटवर मी उभं राहून वाटलं. ते फार कुणी वाचलं नाही. माफीच्या पत्रकात सुरकुत्या नसतात.

आता ऑफिसात चाचा अर्ज लिहितात, मी पिना मारते. नमुना फाडला. एका माणसाला तास लागतो, रांग रस्त्यापर्यंत जाते, लोक कटकट करतात. मुख्याध्यापकांची डॉक्टरांबद्दलची तक्रार चाचांनी दोन पानी लिहिली. कलम नाही, तरी लिहिली, आणि मोठ्यानं वाचून दाखवली. सर म्हणाले, "आता बरं वाटलं," आणि पुढच्या महिन्यात परत आले.

गेलेल्या शेळ्या परत आल्या नाहीत. त्या येत नसतात. दादारावनं पुढच्या बाजारातून दोन पाठी, म्हणजे तरण्या शेळ्या, आणल्या, भागूबाईनं स्वतः दात बघून, पाठीवर हात फिरवून निवडलेल्या. कबरी धरून तीन झाल्या. बावीसच्या तीन. सोसायटीवाल्यांची कुरकुर चालू आहे, मागच्या मोकळ्या तुकड्यावर आता कुणीतरी आखणीचे दगड पुरलेत, त्यामुळं हे किती दिवस चालेल हे मला सांगता येणार नाही. लाल खुर्ची खोपटात आहे. तिच्यावर पाल्याची पेंडी ठेवतात, शेळ्यांना चारा उंचावर लागतो म्हणून.

हा लेख संपादकांना पाठवायच्या आधी मी तो पडेगावला नेला. भागूबाई खोपटाबाहेर उभी होती, आकडीनं बाभळीच्या शेंगा पाडत. मी उभ्यानंच सगळा वाचून दाखवला. ती मधेच थांबायला सांगायची, शेंग पाडायची, मग म्हणायची, हां, म्हण पुढं. दोन दुरुस्त्या केल्या. मी वीस शेळ्या लिहिल्या होत्या, त्या बावीस केल्या. आणि सुनीताच्या ताटात कालवणसुद्धा असायचं, ते लिही, म्हणाली. लिहिलं.

"समजलं?" मी विचारलं.

"समजलं. शेळ्यांचं कमी हाय अन् तुझंच लई हाय."

"बरोबर आहे का पण?"

तिनं आकडी झाडाला टेकवली. थोडा विचार केला. "हाय बरोबर."

मी शाईचा पॅड पुढं केला. सवय. तिनं तो माझ्याच हाताकडं ढकलला.

"ह्यात माझा कशाला? लिव्हलंस तू. आता तुझा अंगठा लाव."